थाळाला एक कमी

एप्रिलमधल्या एका रविवारी, दुपारच्या नमाजनंतर, आमच्या गल्लीतल्या हाजीसाहेबांच्या घरी मला जेवणाच्या थाळावरून केस धरून उठवलं. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. हाजीसाहेबांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि दालनातून मागच्या दारापर्यंत मला ओढत नेलं. ओढताना दालनाच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. कपाळ फुटलं. तोंडात घास होता. तो मी अजून गिळला नव्हता.

जेवण हाजीसाहेबांच्या आईच्या चाळिसाव्याचं होतं. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जे जेवण घालतात, ते. त्या म्हातारीला शेवटची आंघोळ माझ्या आईनं घातली होती.

दफनाआधीच्या या आंघोळीला गुसल म्हणतात. बाईला बाईनंच धुवायचं असतं. खरं तर घरच्या बायकांनी धुवावं असं सांगितलेलं आहे, पण मोठ्या घरांत कुणी हात लावत नाही. भीती वाटते म्हणतात. म्हणून आमचं घर. अब्बा कबरी खणायचे, अम्मी बायकांच्या मय्यती धुवायची. अब्बांच्या आधी त्यांचे वडील खणायचे. अम्मीच्या आधी माझी आजी धुवायची. गल्लीत अम्मीला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. गुसलवाली म्हणत.

मय्यत झाली की पहिला माणूस आमच्या दारात यायचा. त्या दिवशी अम्मी समोरच्या दारानं आत जायची. तिच्यासाठी वाट करून द्यायचे. ती बोरीचा पाला घालून पाणी उकळवायची, कोमट करायची, तख्त्यावर मय्यत घ्यायची, अंगावर चादर ठेवून चादरीखालूनच धुवायची, उजव्या बाजूनं सुरू करून. शेवटच्या पाण्यात कापूर. मग केस विंचरून वेण्या, मग कफन. त्या शरीरावर जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, हा नियम आहे. अम्मी तसलं काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही.

जेवणाच्या दिवशी तिनं मागच्या दारानं यायचं.

हाजीसाहेबांच्या न्हाणीघरामागच्या भिंतीत एक खिळा होता. त्याला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, एक ताटली अडकवलेली असे. शेजारी कोनाड्यात पेला. दोन्ही अम्मीचे. तिनं ते खिळ्यावरून काढायचे, वरून वाढतील ते घ्यायचं, न्हाणीच्या पायरीवर बसून खायचं, स्वतः घासायचे आणि परत तिथेच ठेवायचे. त्या ताटलीला घरातलं कुणी हात लावत नसे. लहानपणी मला वाटायचं, अम्मीला त्या घरात स्वतःची वस्तू आहे.

आत दालनात थाळ असत. तांब्याचे, कल्हई केलेले, मोठे. एका थाळाभोवती चौघीजणी बसायच्या आणि एकाच थाळातून खायच्या. चौघी झाल्याशिवाय थाळ वाढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तिघीच असतील तर वाढणारी मोठ्यानं ओरडते, "थाळाला एक कमी हाय!" मग दारात, जिन्यात, कुठंही उभी असलेली बाई येऊन बसते. ओळख लागत नाही. कोण कुठली, कुणी विचारत नाही. आम्ही सगळे एका थाळात जेवतो, हे आमचे लोक दुसऱ्यांना अभिमानानं सांगतात.

त्या रविवारी मी दालनाच्या दाराशी उभी होते. अम्मीला पाणी हवं होतं, ते मागायला आले होते. आतून आवाज आला, "थाळाला एक कमी हाय!"

कागलहून आलेली एक पावणी जवळच्या थाळावर बसली होती. तिनं माझा हात धरला. "ये गे पोरी, बस. बिर्याणी गार व्हायली."

"मी न्हाय," मी म्हणाले.

"लाजतीस कशाला? बस की!"

मी बसले. मला ताटली ठाऊक होती. खिळा ठाऊक होता. तरी बसले, कारण हाक मारली होती आणि भूक लागली होती. मी एक घास घेतला.

त्यानंतर वेणीला हिसका बसला.

"किने बिठाई इसकू? कुणी बसवली हिला?" शमीमभाभी ओरडत होत्या. त्या एकाच वाक्यात दखनी आणि मराठी बोलायच्या, गल्लीत सगळेच बोलतात. "मय्यत धुतलेला हात थाळात घातलास गे? माझ्या पावण्यांच्या तोंडात घालतीस?"

त्या दिवसापर्यंत मी कुठल्याही मय्यतीला हात लावलेला नव्हता. ते सांगायला मला वेळ मिळाला नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं पाठीत बुक्के घातले. फरशीवरून ओढताना माझी सलवार गुडघ्यावर फाटली. दालनात पन्नासेक बायका असाव्यात. सगळ्यांचं खाणं थांबलं होतं. उठलं कुणी नाही.

कागलची पावणी म्हणाली, "मला काय ठावं? मी आपली माणूस समजून बसवली."

तिला हात धुवायला लावले. तिनं चूळ भरली. मग ती नव्या थाळावर बसली.

"हा थाळ कुत्र्याला घाला," शमीमभाभींनी सांगितलं.

अम्मी पायरीवरून धावत आली. तिनं आधी भाभींचे पाय धरले. "माफ करा भाभी, लेकरू हाय." मग उठून तिनं माझ्या थोबाडीत मारली. कपाळातून रक्त गालावर आलं होतं, त्याच गालावर. तिच्या हाताला रक्त लागलं.

"उंबरा धुऊन जा," भाभी म्हणाल्या.

अम्मीनं उंबरा धुतला. फडकं पिळलं. आधी तिची अर्धवट राहिलेली ताटली घासून खिळ्याला अडकवली, मग मला घेऊन बाहेर पडली. दवाखान्यात टाके पडले. तिथं तिनं सांगितलं, पोरगी पायरीवरून घसरली.

अब्बांना संध्याकाळी कळलं. ते हातपाय धुऊन बसले होते, नखांत कबरीची माती होती. मी म्हणाले, "मशिदीत तुम्ही हाजीसाहेबांच्या शेजारी उभं राहून नमाज पढता की."

"पढतो."

"खांद्याला खांदा लावून."

"व्हय. तितं खांदा चालतो," अब्बा म्हणाले. "खायला हात लागतो. हात चालत न्हाय."

पुढच्या शुक्रवारी मशिदीच्या भोंग्यावरून बयान, म्हणजे प्रवचन, झालं. मी घरात ऐकत होते. कपाळाला पट्टी होती. मौलाना सांगत होते की मुसलमान मुसलमानाचा भाऊ आहे, गोऱ्याला काळ्यावर मोठेपण नाही, ज्यानं भावाला हलकं लेखलं त्यानं स्वतःचं ईमान हलकं केलं. आवाज चांगला होता. शब्द खरे होते. मला राग मौलानांचा आला नाही. राग याचा आला की पहिल्या रांगेत हाजीसाहेब बसलेले असणार आणि मान डोलावत असणार.

मी कॉलेजला गेले. वर्गात नेसरीची एक मुलगी होती. तिच्या आजीसाठी पाटलाच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या कपाची गोष्ट तिनं मला सांगितली. मी म्हणाले, आमच्यातही आहे. ताटली आहे, खिळ्याला.

ती हसली. "तुमच्यात? खोटं नगं बोलू. तुमच्यात तर समदे एका ताटात जेवत्यात की."

मी केस मागे करून तिला कपाळ दाखवलं. ती हसायची थांबली.

पुढे मी इथल्याच एका मराठी दैनिकात नोकरीला लागले. बातमी लिहायला शिकले. कोण, काय, कुठे, केव्हा. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. एकदा मी या विषयावर लिहिते म्हणून वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यात जात नसते ना? मग वाचणाऱ्याला कळायचं नाही." मशिदीचा कारभार पाहणाऱ्या जमातीच्या एका विश्वस्तांची प्रतिक्रिया घ्यायला गेले. त्यांनी चहा मागवला. त्यांच्यासाठी कपात आला, माझ्यासाठी कागदी ग्लासात. ते म्हणाले, "आपल्यात असलं काही नाही. आणि असलं तरी दिवस कसले आहेत बघ. बाहेरचे टपून बसलेत. त्यांच्या हातात कशाला देतेस?"

दिवस कसले आहेत ते मला माहीत होतं. दंगलीत गल्लीवर दगड आले होते तेव्हा सगळ्यात आधी आमच्याच घराचे पत्रे फुटले होते, कारण आमचं घर कोपऱ्यावर आहे. दगड मारणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, हे घर हाजीसाहेबांचं की गुसलवालीचं. त्यांच्या लेखी आम्ही सगळे एकच होतो. आमच्या लोकांच्या लेखी मात्र नव्हतो.

ती बातमी छापली गेली नाही.

गेल्या वर्षी पहाटेच्या अजानीनंतर हाजीसाहेबांच्या घरून माणूस आला. शमीमभाभी गेल्या होत्या. हाजीसाहेब त्यांच्या आधीच गेले होते. अब्बाही गेले होते. अम्मीच्या बोटांचे सांधे आखडले होते, तांब्या एकटीला धरवत नव्हता.

"मी येतो सोबत," मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात, घरात मीही.

तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. "मनात राग घेऊन मय्यतीला हात लावू ने."

"राग हाय. हात नीट लावतो."

समोरच्या दारानं आत गेलो. वाट करून दिली. भाभींची सून तस्लीम दारात उभी होती. शिकलेली बाई, मुलींच्या शाळेत शिकवते. तिनं तोंडाला ओढणी धरली होती. "खाला, लागेल ते मागा," ती अम्मीला मावशीच्या नात्यानं म्हणाली आणि आत आली नाही. भाभींच्या लेकीही आल्या नाहीत.

मी पाणी ओतलं, अम्मीनं धुतलं. भाभींचा उजवा हात माझ्या बाजूला होता. वेणी गुंडाळली होती तो हात. मी प्रत्येक बोट वेगळं करून बोटांच्या मधली जागा धुतली. मनगट धुतलं. कोपरापर्यंत धुतलं. त्या शरीरावर आणखी काय दिसलं ते मी लिहिणार नाही. नियम आहे. मी तो पाळते.

चाळिसाव्याला निरोप आला. मागच्या दारानं गेलो. खिळा तिथेच होता, ताटली तिथेच होती. कोनाड्यातला पेला मात्र गेला होता, त्याच्या जागी प्लास्टिकची बाटली ठेवली होती.

तस्लीम हसत आली. तिच्या हातात भरलेला डबा होता. "खाला, गर्दीत तुम्हाला त्रास नको म्हणून वेगळं काढून ठेवलंय. हितं खा नाहीतर घरी न्या. निवांत." आवाज गोड होता. सासूसारखी ती कधी ओरडत नाही.

आतून हाक आली. "थाळाला दोन कमी हाईत!"

मी अम्मीचा हात धरला.

"नगं गे," अम्मी म्हणाली.

"हाक मारलीया."

"आपल्याला न्हाय मारली."

"मग कुणाला मारली? नाव घेतलं का कुणाचं?"

तिनं हात सोडवून घेतला नाही. मी तिला दालनात नेलं. एका थाळाभोवती दोघी बसल्या होत्या. मी अम्मीला बसवलं, शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दालनात जमिनीवर बसली होती. तिथं तिनं कितीतरी बायकांना कफन घातलं होतं, पण उभ्यानं किंवा वाकून.

समोरच्या दोघी उठल्या. शेजारचा थाळही उठला. एकीनं जाताना बुरखा आवरून घेतला, चिखलातून जावं तसा.

"खा अम्मी," मी म्हणाले.

तिनं हात पुढं केला. थाळापर्यंत पोचला नव्हता.

"उठा." तस्लीम मागं उभी होती. तिच्या हातात डालच्याचं, म्हणजे मटण घातलेल्या डाळीचं, पातेलं होतं, चुलीवरून नुकतं उतरवलेलं. "खाला, तमाशा नको. आज अम्मीजानचा दिवस हाय."

"तुमच्या अम्मीजानला हिनं धुतलंय," मी म्हणाले. "तुम्ही दारात उभ्या होता."

बायकांच्या दालनात पुरुष येत नाहीत. तरी भाभींचा थोरला मुलगा, तस्लीमचा नवरा इम्तियाज आला. त्याची शिरोलीला फाउंड्री आहे. तो धिप्पाड आहे. त्यानं पहिली लाथ माझ्या बरगडीत मारली. दुसरी मांडीवर. तिसरी थाळाला लागली, थाळ घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

"भंगी साल्यांनो! घरात घेतलं तर डोक्यावर बसताय व्हय?"

त्यानं माझा गळा धरला. मी त्याच्या हाताला चावले. दात हाडापर्यंत लागले. तो ओरडला आणि त्यानं मला भिंतीवर फेकलं. त्याच वेळी डालचा अम्मीच्या उजव्या हातावर पडला.

हे कसं झालं याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. तस्लीम म्हणते, इम्तियाजचा धक्का लागला आणि पातेलं कललं. मी पाहिलं ते असं: पातेलं आधी कललं. धक्का नंतर लागला.

अम्मी ओरडली नाही. तिनं हात स्वतःच्या पोटाशी धरला. कातडी मनगटापासून सुटून बोटांकडं सरकत होती. डाळ तिला चिकटली होती. दालनातल्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. एक म्हणाली, "पाणी ओता गे कुणीतरी." कुणी ओतलं नाही. पाणी ओतायला तिचा हात धरावा लागला असता.

पाणी मी ओतलं. नंतर मागं गेले, खिळ्यावरची ताटली काढली, दालनात आणली, फरशीवर टाकली आणि टाचेनं वाकवली. जर्मन मऊ असतं. ताटली दुमडून गेली. ती मी इम्तियाजच्या छातीवर फेकून मारली.

"आता कशात वाढशील?" मी विचारलं.

अम्मीला घेऊन मी समोरच्या दारानं बाहेर आले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. अम्मीचा हात भरून यायला अख्खा पावसाळा गेला. तीन बोटं आता मिटत नाहीत. घास धरता येत नाही. ती चमच्यानं खाते, आणि डावी बोटं आधीच आखडलेली, म्हणून चमचाही मीच धरते.

पोलिसांत जायचं नाही, असं अम्मीनं सांगितलं. "त्यांच्या दारात आपल्या घराचं वाभाडं निघंल." घर म्हणजे तिला काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. मी जमातीच्या विश्वस्तांकडं अर्ज केला. मशिदीच्या बाहेरच्या पडवीत बैठक झाली. इम्तियाज आला होता, हाताला पट्टी बांधून. विश्वस्त म्हणाले, घरातलं घरात मिटवा. त्यानं दवाखान्याचा खर्च द्यावा, मी माफ करावं.

"खर्च नको," मी म्हणाले. "माझा एक नियम ऐका. अम्मीचा हात गेला. आता गुसल मी देणार. कुणाच्याही घरी देणार. गरीब असो, श्रीमंत असो, यांच्याही घरी देणार. पण एकटी देणार नाही. मय्यत ज्या घरची, त्या घरच्या बाईनं माझ्यासोबत हात लावायचा. लेक, सून, बहीण, जी असेल ती. शेवटपर्यंत."

"तू मय्यत अडवणार?" थोरले विश्वस्त उठून उभे राहिले.

"अडवत न्हाय. शिकवतो. घरच्यांनीच धुवावं असं आपल्यात सांगितलंय का न्हाय?"

ते मौलानांकडं पाहायला लागले. मौलानांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "सांगितलंय."

"मग मय्यतीला सगळ्यांचेच हात लागू देत," मी म्हणाले. "एक तर सगळ्यांचे हात थाळात चालतील, न्हायतर कुणाचेच चालणार न्हाईत."

इम्तियाज हसला. "तुझ्यावाचून अडलंय व्हय कुणाचं? दुसरी आणू."

त्यानं दुसरी शोधली. गल्लीत तेवढं कळलं. इचलकरंजीची एक बाई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिनं येणार नाही असं कळवलं. कारण मला माहीत नाही.

या वर्षी उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी हाजीसाहेबांची बहीण गेली. सगळे तिला फुफी म्हणत. ती त्याच घरात राहायची, पोरंबाळं नव्हती. माझ्याकडं माणूस आला. मी बोरीचा पाला घेतला आणि गेले. अम्मी सोबत आली. तिला काही करता येत नव्हतं, पण ती आली.

दालनात तख्ता मांडला. पाणी तापवलं, निववलं. फुफीवर चादर घातली. मग मी दारात येऊन उभी राहिले आणि तस्लीमला म्हणाले, "बाह्या वर करा."

ती मागं सरकली. बाकीच्या बायका जिन्याकडं गेल्या. पुरुष अंगणात जमले होते. दफनाला उशीर करू नये असं सांगितलेलं आहे. ऊन चढत होतं. पंखे लावले होते, बर्फ आणला होता. पाणी गार झालं. मी परत तापवलं.

अम्मी माझ्या कानाशी आली. "बाई, मय्यतीला ताटकळत ठेवू ने. गुना हाय."

"गुना कुणाचा?"

ती तख्त्याजवळ बसली आणि चादरीवरची माशी डाव्या हातानं हाकलायला लागली.

इम्तियाज आत आला. त्याच्या हातात लोखंडी गज होता, अंगणातल्या मांडवाचा. "धुतीस का न्हाय? डोस्कं फोडीन तुझं. हितंच गाडीन."

"फोड," मी म्हणाले. "मग दोन मय्यती होतील. धुवायला कोण येतंय ते बघ."

त्यानं गज उगारला. माझ्या डोक्याशेजारी चौकटीवर हाणला. लाकडाची ढलपी उडून माझ्या गालाला लागली. दहावीच्या वर्षी माझं कपाळ फुटलं ती हीच चौकट. मी हलले नाही. हलायचं नाही असं मी पडवीतून बाहेर पडले त्या दिवशीच ठरवलं होतं. मार खायचा, पण मागच्या दाराला जायचं नाही. मी मेले तरी हा नियम राहील, कारण माझ्यानंतर आमच्या घरात मय्यत धुणारं कुणी नाही. आजी गेली, अम्मीचा हात गेला, मी शेवटची; मग घरच्यांनाच धुवावं लागेल. हे इम्तियाजला त्या क्षणी कळलं असावं. त्यानं पुन्हा गज उगारला, तो तसाच धरून ठेवला.

"हटा तुम्ही," तस्लीम त्याला म्हणाली.

"तू आत जायाची न्हाईस."

"मग काय फुफीला हितं कुजवताय?" ती पहिल्यांदा ओरडली. आवाज अगदी सासूसारखा होता. "हटा म्हणतो न्हवं!"

तिनं बांगड्या काढून फळीवर ठेवल्या. बाह्या कोपराच्या वर घेतल्या. मी दार लावलं. तिच्या हातात तांब्या दिला. "उजवीकडनं," मी सांगितलं. "चादर उचलायची न्हाय. खालनं हात घालायचा."

तिनं हात घातला. तिला उलटी झाली. मी थांबले. अम्मीनं तिची पाठ चोळली, डाव्या हातानं. तस्लीमनं चूळ भरली आणि परत हात घातला. फुफीचे केस आम्ही दोघींनी मिळून विंचरले.

दफन संध्याकाळच्या नमाजआधी झालं.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या, म्हणजे कबरीवर दुआ करून आल्यानंतरच्या, जेवणाचा निरोप घेऊन तस्लीम स्वतः आमच्या दारात आली. समोरच्या दारानं या, असं ती अम्मीला म्हणाली. माफी मागितली नाही. अम्मीनं तिला बसायला चटई दिली, पाणी दिलं, आमच्याच पेल्यातून. तस्लीम ते प्यायली.

"येता न्हवं, खाला?" तिनं जाताना विचारलं.

अम्मीनं तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. "पोरगी ईल," ती म्हणाली.

मी गेले. समोरच्या दारानं गेले. दालनात थाळ मांडले होते. एका थाळावर मी बसले. समोर तस्लीम येऊन बसली. तिच्यानंतर तिची धाकटी जाऊ बसली, थोडं अंतर ठेवून. चौथी जागा मोकळी होती.

वाढणारी बाई पातेलं घेऊन आली, थाळाशी थांबली, आम्हाला मोजलं. दारात बायका उभ्या होत्या. एक कमी होती. तिनं हाक मारली नाही. थाळ तिघींवरच वाढला.